हक्काच्या शिव्या

घे वं शकुन, ही तुही फुलपुडी. पळसाच्या पानात शेवंती हाये, दोन कन्हेर हायेत अन् तुळस हाये. पैसे नको मले. मूठभर ज्वारी टाक या टोपलीत, बस झालं. अन् एक गोष्ट कबूल कर. ज्या दिवशी मी फुलं घेऊन आली नाही, त्या दिवशी माह्या घरी यायचं अन् मले चांगल्या शिव्या द्यायच्या. हासू नको. तू या गल्लीत नवी सून, तुले माहीत नाही. बाकीच्या घरायले मी कवाच सांगून ठेवलं. सरक जराशी, ओसरीवर टेकू दे. माह्या सासूची गोष्ट सांगतो, मंग ठरव ही बुढी येडी हाये का शहाणी.

माही सासू मनकर्णाबाई. आमी माळी. गावाच्या कोटाले जो अंबा दरवाजा हाये, त्याच्या बाहेर, नाल्याच्या काठी आमचा मळा होता. वांगी, मेथी, कांदे अन् धुऱ्यानं, बांधावर, फुलझाडं. मी लग्न होऊन आली त्याच सुमाराले कापसाचे दिवस आले. तिकडं समुद्रापार गोऱ्या लोकायची आपसात लढाई लागली म्हणे, तिथला कापूस बंद पडला, अन् आपल्या वऱ्हाडातल्या कापसाले असा भाव आला का लोकायची निरा मती गुंग झाली. आमच्या मालकाईनं, म्हणजे माह्या नवऱ्यानं, गोवर्धननं, वांगी उपटून अर्ध्या मळ्यात कापूस पेरला. दोन वर्षांत घरावर नवी कवेलू चढली, दारात सवारीची दमणी गाडी आली, बैलायच्या गळ्यात घुंगरमाळा आल्या अन् मालकाच्या मानेत ताठा आला.

त्याच दोन वर्षांत सासूचे गुडघे गेले. सकाळी उठाव तर पाय सरळ होत नसत. भिंत धरून, माय माय करत ती उभी राहे, अन् ऊन वर येईपर्यंत तशीच अडखळत चाले. चंद्रभानजी वैद्य आले. त्याईनं गुडघे दाबून पाहिले, तेल दिलं, काढा दिला, अन् लपवाछपवी न करता सांगून टाकलं.

"हा वात काही जाणार नाही, मनकर्णाबाई. जन्मभर सोबत राहणार हाये. रोज चालान तर गुडघे वळत राहतीन. बसून राहान तर दोन वर्षांत खाट धरान."

खाट म्हटल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. तिची स्वतःची सासू सात वर्षं खाटेवर होती. सात वर्षं तिले कुशीवर वळवायचं, पुसायचं, पाठीच्या जखमा धुवायच्या, हे सगळं मनकर्णाबाईनं केलं. त्या रात्री ती मले म्हणाली का म्हातारी मेली तेव्हा आमी सगळे रडलो, पण मनातून सुटल्यावानी वाटलं, अन् मलेही वाटलं. माह्या मरणानं कोणाले सुटल्यावानी वाटू नये वच्छला, एवढंच मले पाहिजे. मी तवा सतरा-अठरा वर्षांची. मी आपली तेल चोळत राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई निघाली चालायले. डोक्यावर टोपली नाही, काखेत भारा नाही. उभ्या जन्मात ती अशी रिकामी चालली नव्हती, हात कुठं ठेवाव हेच तिले समजेना. त्यात आपल्या लोकायची सवय तुले माहीत हाये. पहिल्या दारात विचारलं, कुठं चालल्या? कुठंच नाही म्हणाव तर लोकायले वाटे का घरात भांडण झालं. तिसऱ्या दारात ती टेकली, पान-सुपारी झाली, अन् तिथूनच परत आली. असं तीन दिवस झालं. चौथ्या दिवशी तिनं शक्कल काढली. कोणी विचारलं का सांगे, बकरी हरवली, तिले पाहून राहिली.

आता आमच्या घरी बकरी कधी नव्हतीच. पण शेजारचे नत्थुजी पडले परोपकारी. त्याईनं दहा माणसं गोळा केली, सारा नाला पालथा घातला, अन् सांजच्याले एक काळी बकरी ओढत आणून आमच्या खुंट्याले बांधून दिली. सापडली म्हणे तुमची बकरी. एवढा घामाघूम झालेला माणूस समोर उभा, त्याले सासू काय सांगणार? तिनं हात जोडले. सकाळी बकरीचा खरा मालक भांडायले आला, तवा सासू आजाराचं निमित्त करून आत जाऊन झोपली अन् त्याची सारी बोलणी मी खाल्ली.

मंग आठ दिवस ती घरातच बसली अन् गुडघे अजून धरले. शेवटी तिलेच समजलं का आपल्याच्यानं बिनकामाचं चालणं होत नाही. तिनं पाच घरं धरली अन् देवाच्या फुलांचा रतीब सुरू केला. आधी फुकट दिली फुलं. पण पाय दुखला का ती एखाद्या दिवशी जात नसे, अन् कोणी काही म्हणत नसे. फुकटच्या फुलाले कोण बोलते? तवा तिनं घरोघरी जाऊन सांगितलं, आजपासून मूठभर ज्वारी घेईन, अन् आली नाही तर घरी येऊन शिव्या द्यायच्या, तुमचा हक्क हाये. लोकायले वाटलं बाईचं डोकं फिरलं. पण देवाचं काम, अन् मूठभर ज्वारीत रोज ताजी फुलं, कोण नाही म्हणते.

पहिलं घर दरवाज्याच्या आतच होतं. दुसरं त्याच्या पुढं, तिसरं विहिरीच्या पाराजवळ, चौथं बाजाराच्या तोंडाशी, अन् पाचवं पार गावाच्या दुसऱ्या टोकाले, नागपुरी दरवाज्यापाशी. लय दुखत असलं का ती म्हणे, आज विहिरीपर्यंतच जातो. विहिरीपाशी पोचली का म्हणे, आता एवढी आली तर बाजारापर्यंत जातो. स्वतःलेच अशी रोज फसवे अन् रोज फसे. कापसाच्या गाड्यायची रांग लागलेली असे रस्त्यावर. एखादा गाडीवान थांबून म्हणे, बसा माय बोऱ्यावर. ती नाही म्हणे, तर तो रागावून निघून जाये.

पाचव्या घरची दुर्गाबाई. मोठ्या शेतकऱ्याची बायको, जमीन लय अन् तोंड त्याच्याहून लय. दम्याची बाई होती. चार पावलं टाकली का तिच्या छातीत शिट्टी वाजे, म्हणून दोन वर्षांपासून तिनं उंबरा ओलांडला नव्हता. दारात पाटावर बसून ती वाटच पाहत राहे. शेवंती कालची दिसते, तुळशीची पानं मोजून टाकली काय, आज एवढा उशीर काहून? सासूही काही कमी नव्हती, तीही दोन ऐकवून ये. घरी आल्यावर अर्धा घंटा दुर्गाबाईच्या नावानं बोटं मोडे, अन् त्या भरात एक भाकर जास्त खाये. मले वाटे का या दोघी एकमेकीच्या वैरिणी हायेत.

अशीच दीड वर्षं गेली. गुडघे बरे झाले नाहीत, पण ती आपल्या पायानं नहाणीत जाये, चुलीपाशी बसे, उठे. मोहल्ल्यात मात्र लोक माह्या नावानं बोलू लागले. दारात दमणी उभी, अन् सासू लंगडत फुलं वाटत फिरते, सून छळत असंल. मालकायलेही लाज वाटे. अन् मले? मले तर आग लागे अंगाची. खोटं काहून बोलू.

मंग पौषाच्या थंडीत एका सकाळी दोन्ही गुडघे सुजून टरारले, तिच्यानं उठवेना. चंद्रभानजी म्हणाले, दोन दिवस निजू द्या अन् तिसऱ्या दिवशी चालवा. मी अर्धंच ऐकलं. दमणीत बसून मी चार घरी जाऊन आली अन् सांगितलं का सासू आजारी हाये, आता फुलं येणार नाहीत, अन् कोणी शिव्या द्यायले येऊ नका. सगळ्या बाया चांगल्या होत्या. म्हणाल्या, बिचारीले आराम करू दे. पाचव्या घरी काही मी गेली नाही. दुर्गाबाईच्या तोंडापुढं जायची माही हिंमत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सासूनं पाय खाली सोडले, मी म्हटलं निजा. पाणी हातात दिलं, भाकर हातात दिली, घोंगडी पांघरली. मोहल्ल्यातल्या बायायनं येऊन पाहिलं अन् म्हणाल्या, सून असावी तर अशी. लय बरं वाटलं मले. सासू रोज सकाळी एकच विचारे, "कोणी आलं का वं, शिव्या द्यायले?" मी म्हणे, नाही आलं. सगळ्यायची तोंडं मीच बांधून आली, हे काही मी सांगितलं नाही. हळूहळू तिनं विचारणंही सोडलं. नवव्या दिवशी मी लघवीसाठी मोरीतलं भांडं खाटेपाशी आणून ठेवलं, तिच्याच सोयीसाठी. तिनं त्या भांड्याकडं पाहिलं अन् तोंड भिंतीकडं फिरवून घेतलं. मले वाटलं, वच्छले, तू हिले खाटेवर घातलं.

दहाव्या दिवशी दुपारी अंगणात कोणी धापा टाकत होतं. मी बाहेर येऊन पाहतो तर दुर्गाबाई. एका हातानं आमची भिंत धरलेली, दुसरा हात छातीवर, लुगड्याले धूळ लागलेली. नागपुरी दरवाज्यापासून पायी आली होती, एकटी. प्रत्येक ओसरीवर बसत बसत, सकाळची निघालेली. ती थेट खाटेपाशी गेली, बोट उगारलं, तोंड उघडलं, अन् शब्दच फुटेना. मनात दहा दिवसांच्या शिव्या साचल्या होत्या अन् छातीत एका शिवीपुरताही दम नव्हता. मी पाणी दिलं, पाठ चोळली. सासू खाटेवरून टकटक पाहत होती. अखेर शिट्टी कमी झाली, तवा ती बोलली.

"दहा दिवस झाले मनकर्णे. माह्या देवाले फूल नाही. रोज दारात बसून राहिली मी. मेली असती तर सांगावा तरी धाडाचा."

सासू रडायले लागली. रडता रडताच तिनं पाय खाली सोडले, या खेपेले मी नको म्हटलं नाही. ती उठली, पडली, पुन्हा उठली. भिंत धरून उभी राहिली अन् म्हणाली, "काल तोडलेली शेवंती हाये घरात, चालंल का?" दुर्गाबाई म्हणाली, आजची पाहिजे. अन् मंग दोघीही हासल्या.

दुर्गाबाईले पोचवायले मालक बैल जुपायले लागले, तवा सासूनं त्याईले थांबवलं. म्हणे, ती माह्यासाठी पायी आली, मी तिले पायी पोचवतो. पुढं या दोघी, एकीचा गुडघा वळत नाही अन् दुसरीचा दम पुरत नाही, अन् मागं टोपली घेऊन मी. एक दुखलं म्हणून थांबे तवा दुसरीले श्वास भेटे. कापसाच्या गाड्या आमच्या मागं अडकल्या, गाडीवान बोंबलले, त्याईले दोघीनं मिळून काय ऐकवलं ते मी तुले सांगणार नाही. दिवस बुडताना पोचलो. रस्त्यात मी सासूजवळ सगळं कबूल केलं, लोकायची तोंडं मी बांधली होती म्हणून. ती आपली पुढं चालत राहिली. घरी आल्यावर मात्र शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात तिनं मले झाडलं. शकुन, असं बरं वाटलं मले का विचारू नको.

त्या दिवसापासून दुर्गाबाई दारात बसली नाही. ती तिकडून निघे, ही इकडून, अन् विहिरीच्या पारावर भेटत. फुलावरून भांडण तिथंच होई. पुढं समुद्रापारची लढाई मिटली, कापसाचा भाव पडला, आमची दमणी विकल्या गेली अन् मालकही पायी चालायले लागले. त्याईची ढेरी त्यातच उतरली.

सासू त्यानंतर चौदा वर्षं जगली. गेली त्या सकाळी पाचही घरची फुलं तिनं पोचती केली होती. दुपारी जेवली, भिंतीले टेकून बसली, अन् बसल्या बसल्याच गेली. खाट अंगणात उभी होती ती उभीच राहिली. कोणालेच सुटल्यावानी वाटलं नाही वं. मी तर आजही रडतो, पाह्य.

चौदाव्या दिवशी, सुतक फिटल्यावर, दुर्गाबाई आमच्या दारात. छातीत शिट्टी वाजून राहिली, डोळे सुजलेले. खुंटीवर टांगलेल्या टोपलीकडं बोट करून म्हणे, "माह्या देवाले फूल काहून नाही आलं? मनकर्णा गेली, तू तर हाये ना?" मी टोपली काढली अन् तिच्यासोबत निघाली. तवापासून निघतोच हावो. आता माहे गुडघे सासूवानीच बोलतात, अन् शिव्या देणारी दुर्गाबाई तर जाऊन जमाना झाला.

म्हणून तुले सांगून राहिली, शकुन. तू दिसते गरीब स्वभावाची, तोंड उघडणार नाही याचंच भेव वाटते मले. थंडी येऊन राहिली. एखाद्या सकाळी मी आली नाही तर बिचारी म्हणून घरी बसू नको. टाक ती ज्वारी.