चार नंबरचा खिळा

आधी माफी मागतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच, आणि पुरवणीत छापून येतं तसं लिहायचा मला सराव नाही. दुसरं कारण त्याहून मोठं आहे. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्याशी माझं पटत नव्हतं, आणि ते गेले तेव्हा आमचं बोलणं बंद होतं. अशा माणसानं स्मृतिलेख लिहावा का, असं मी तीन जणांना विचारलं. दोघं नको म्हणाले, तिसऱ्यानं विषय बदलला. तरी लिहितोय, कारण... लिहिलं नाही तर मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडतच राहीन, आणि आता समोरून उत्तर येणार नाही.

श्रावणजी माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. चिखल्याच्या मँगनीज खाणीत लॅम्परूममध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. भुयारात उतरण्याआधी प्रत्येक कामगार तिथून टोपीवर लावायचा दिवा घेतो आणि शिफ्ट संपली की तो आणून रॅकमधल्या आपल्याच नंबरच्या खान्यात चार्जिंगला लावतो. दिवे द्यायचे आणि घ्यायचे, एवढंच काम, असं बाहेरच्याला वाटेल. मोठेबाबांना तसं वाटत नसे. ते रॅककडे हजेरीपटासारखं बघायचे. खाना रिकामा दिसला म्हणजे त्या नंबरचा माणूस अजून खाली आहे, आणि तो वर येईपर्यंत ते सायकलला हात लावत नसत. एकदा मी डबा द्यायला गेलो असताना एका नव्या कामगारानं गर्दीत आपला दिवा जवळच्या मोकळ्या खान्यात टेकवला. मोठेबाबा खुर्चीवरून उठले आणि तो दिवा उचलून त्याच्या छातीवर आपटला. "अबे, हा सत्तावीस नंबर खाली आहे अजून! तुहा दिवा पाहून मी मनीन सत्तावीस वर आला, अन् जाईन घरी जेवाले. मंग त्याले पाहाले कोण जाईन, तुहा बाप?" तो पोरगा दिवा छातीशी धरून मागं सरकला. माझ्या हातातला डबा त्यांनी घेतला आणि मला हातानंच जा म्हणाले.

त्यांनी घराचंही लॅम्परूम केलं होतं. सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, दाराच्या आतल्या बाजूला, एका फळीवर चार खिळे आणि पत्र्याचे चार गोल बिल्ले. एक नंबर ते स्वतः, दोन मोठी आई, तीन माझा चुलतभाऊ विलासदादा, चार मी. माझे आई-बाबा मी तिसरीत जाईपर्यंत वर्षभराच्या अंतरानं गेले, तेव्हा बपेऱ्याहून मला ह्या घरी आणलं. आल्या दिवशी मोठेबाबांनी डोक्यावरून हात फिरवला नाही की जवळ घेतलं नाही. छिन्नीनं पत्र्यावर चारचा आकडा ठोकला आणि बिल्ला माझ्या हातात दिला. बाहेर जाताना बिल्ला खिशात, घरी आलं की खिळ्यावर. जेवणं झाल्यावर ते फळीजवळ उभे राहून बोटानं मोजत, आणि चारही बिल्ले दिसले तरच दाराला कडी लागे. मोहल्ल्यातले लोक हसायचे. "श्रावणजी, कोंबड्यायलेही नंबर द्या ना जी," म्हणायचे. "कोंबड्या टायमावर येते, तुमचे पोट्टे नाही येत," हे त्यांचं उत्तर.

पाचवीत असताना मी शाळेतून येऊन बिल्ला टांगायला विसरलो आणि आतल्या खोलीत झोपून गेलो. चौथा खिळा रिकामा बघून ते तलावाच्या काठाकाठानं मला शोधत हिंडले. कोणीतरी सांगितल्यावर परत आले आणि झोपेतून उठवून एक ठेवून दिली. "मी घरातच होतो," मी रडत म्हणालो. "बोर्डावर नव्हता," ते म्हणाले. माणूस समोर उभा आहे ह्यापेक्षा बोर्डावर काय दिसतं ते त्यांना खरं वाटायचं. माझा राग बहुधा तिथूनच सुरू झाला. पुढे प्रत्येक गोष्टीत तेच झालं. मी आयटीआयला जावं, इलेक्ट्रिशियन व्हावं, खाणीत लागावं, हे त्यांनी कधीच ठरवून टाकलं होतं, आणि मला विचारायची गरज त्यांना वाटली नव्हती. मीही त्यांना विचारलं नाही. भंडाऱ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरचा फॉर्म भरला, नाव लागलं, आणि जायच्या आदल्या दिवशी सांगितलं. आता वाटतं, निदान आठ दिवस आधी सांगायला हवं होतं. ते जेवत होते. हात धुतला आणि म्हणाले, "कॉम्प्युटर शिकून राहिला? घरात लाइट रायत नाही दिवसातून चार घंटे, कॉम्प्युटर काय चिमणीवर चालवशील?" सकाळी मी बिल्ला खिशात टाकला आणि निघालो. ते सपरीत बसून दाढी करत होते, आरशातून त्यांनी मला बघितलं, वळले नाहीत.

दिवाळीला घरी आलो तर चौथ्या खिळ्यावर छत्री होती. काळी, मोडक्या दांड्याची, त्यांचीच. मी सपरीत उभा राहिलो, बिल्ला हातात. मोठी आई लगबगीनं पाणी घेऊन आली आणि छत्री काढायला तिनं हात वर केला, तर आतून मोठेबाबांचा आवाज आला, "राहू दे तिथंच. तिची जागा आहे ते." मी बिल्ला परत खिशात टाकला. दोन दिवसांसाठी आलो होतो, दुसऱ्या सकाळी निघालो. त्यानंतर त्या घरी गेलो नाही. सुट्ट्यांत मित्राच्या गावी, दिघोरीला जायचो. त्यांच्या शेतात धान कापायचो, पण चिखल्याला जायचो नाही.

शेवटच्या वर्षाला आम्हाला सहा महिने प्रत्यक्ष काम करावं लागतं. मला भंडाऱ्याजवळ एका छोट्या खाजगी कंपनीत जागा मिळाली. जुने कागद स्कॅन करून त्यांच्या प्रती टेपवर जपून ठेवायचं काम तिथं चालतं. कपाटाएवढं यंत्र, पुढे काच, आत भिंतीवर कार्ट्रिजचे चाळीस खाने, खाली टेप लिहिणारे-वाचणारे दोन ड्राइव्ह, आणि मधे रुळावर वरखाली सरकणारा एक यांत्रिक हात. कार्ट्रिज तळहातावर मावेल एवढं, त्याच्या कडेला बारकोड. कोणतं कार्ट्रिज कोणत्या खान्यातून काढून कोणत्या ड्राइव्हमध्ये घालायचं आणि काम झालं की परत कुठं ठेवायचं, हे त्या हाताला सांगणारा प्रोग्रॅम लिहिणं माझ्याकडे आलं. कॉलेजात कागदावर केलेलं सगळं पहिल्यांदा डोळ्यांसमोर हलत होतं. पहिल्या दिवशी मी काचेला नाक लावून तासभर बघत राहिलो, लाज वाटली तरी.

तिसऱ्या आठवड्यात नवीन कार्ट्रिज आली. मी प्रोग्रॅममध्ये साधी गोष्ट लिहिली: खाने एकापासून बघत जा, जो रिकामा दिसेल त्यात नवीन ठेव. यंत्राच्या हातानं सतरा नंबरच्या खान्यात एक नवीन कार्ट्रिज ठेवलं. दुपारी एका ड्राइव्हचं लिहून झालं, टेप अर्धी बाहेर आली, आणि तिथंच राहिली. हात जवळ येईना. लाल दिवा लागला आणि मागची सगळी कामं अडकली. ती टेप सतराची होती. ती ड्राइव्हमध्ये गेली म्हणून तिचा खाना रिकामा दिसत होता, आणि मी तो भरून टाकला होता. बाकीचे खानेही भरलेले, तिला परत जायला जागाच नव्हती. तिथं आमचं काम बघणाऱ्या बोरकर मॅडम चपला फटकारत आल्या. स्क्रीन बघितली आणि म्हणाल्या, "अरे बाबा, तो खाना रिकामा कुठं होता? त्याची टेप कामावर गेली होती ना! कामावर गेलेल्याच्या जागेवर दुसरा बसवतोस का?"

मी हो म्हणालो की सॉरी म्हणालो, आठवत नाही. त्या बोलत होत्या आणि मला लॅम्परूम दिसत होतं, छातीशी दिवा धरलेला तो पोरगा, सत्तावीस नंबर. चूक दुरुस्त करायला अर्धा तास लागला. रिकाम्या खान्याला आधी विचार, तुझं कार्ट्रिज कुठं आहे; ते बाहेर असेल तर खाना भरू नको. त्या ओळीच्या वर मी मराठीत टीप लिहिली, "गेलेल्याचा खाना भरू नये." मॅडमनी ती तशीच राहू दिली. लोक म्हणतील, तेव्हा मोठेबाबांची किंमत कळली असेल. खरं सांगतो, तसं काही झालं नाही. मला संताप आला. मी नकळत जे केलं ते ह्या माणसानं जाणूनबुजून केलं होतं. हा नियम त्यांच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता, आणि त्यांनी तो नेमका माझ्याच बाबतीत मोडला होता.

जेवणाच्या सुट्टीत बाहेर जाऊन मी फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"कोण?"

"मी. चार नंबर."

"चार नंबरवर छत्री आहे आमच्या इथं. देऊ का तिले फोन?"

"मोठेबाबा, खाली गेलेल्याच्या खान्यात दुसऱ्याचा दिवा ठेवाचा नाही, हे मले कोणं शिकवलं?"

"मीनंच."

"मंग माह्या खिळ्यावर छत्री काहून?"

मग ते अगदी सावकाश म्हणाले, "तू खाली नाही गेला बे. खाली गेलेला शिफ्ट सरली का वर येते. तू बाहेर गेला. बाहेर गेलेल्याचा खाना कोन्तं लॅम्परूम ठेवते?" आणि मी काय काम करतो ते विचारलं. मी तावातावानं यंत्राबद्दल सांगितलं. ते हसले. "कपाटातला डब्बा काढाचा अन् कपाटात ठेवाचा. एवढ्यासाठी डिग्री लागते? तुही मोठी आई बिनडिग्रीची करून राहिली तीस वर्सांपासून."

मग मी ते वाक्य बोललो. ते लिहिण्यासाठीच बहुधा हा लेख लिहायला घेतला, आणि इतका वेळ टाळत आलो. मी म्हणालो, "मंग तुमी मेले तरी मले सांगू नका. मी बाहेरचाच आहो." तिकडून आवाज आला, पण माझ्यासाठी नव्हता. "विलास, आयकलं का? मी मेलो त् याले सांगाचं नाही. त्यानंच सांगतलं. ध्यानात ठेव." आणि फोन बंद.

त्यांच्यासमोर बोललेलं काही वाऱ्यावर जात नसे, हे मला ठाऊक असायला हवं होतं. चार महिन्यांनी, एका दुपारी, मी यंत्रासमोर बसलेला असताना घरच्या नंबरवरून फोन आला. मोठी आई होती. ती फोनवर नेहमी ओरडून बोलते, त्या दिवशी हळू बोलत होती.

"तुहे मोठेबाबा गेले रे... काल दहावा झाला."

"दहावा? मले सांगतलं काहून नाही?"

"तूच मनलं होतं ना, सांगू नका. छातीत दुखून राहिलं होतं, गाडीत घालत होतो त् तेव्हाही विलासले मनले, त्याले फोन नको लावू. विलासनं नाही लावला. मीनंही दहा दिवस पाळलं. आता मले पाळवत नाही."

काचेमागे हात सरकत होता, कुठलं तरी कार्ट्रिज घेऊन. मी छत्रीचं विचारलं. का विचारलं माहीत नाही.

"आहे ना तिथंच. ती काय जाते?" मोठी आई म्हणाली. "अन् आयक, एक इचाराचं होतं तुले. दोन वर्सांपासून दाराले कडी नाही लागली आपल्या. जेवण झालं का फळीजवळ उभे राहत, बोटानं मोजत, अन् मनत, राहू दे उघडं. मी मनो, आता कोणाची वाट पाहता? चौथ्यावर त् तुमीच छत्री टांगली. त् माह्यावरच चिल्लावत, छत्रीले बिल्ला आहे का? कुत्रं घरात शिरून दोनदा दूध पिऊन गेलं, तरी लावू नाही देल्ली... आता विलास मनते लाव. मी काय करू? तूच सांग बापा, कडी लावू का नको?"