साठ मिलीअँपिअरचा दिवा

पत्नीच्या उजव्या डोळ्याची मधली नजर गेली होती. त्याने कडेकडेचे तेवढे दिसे. सगळी भिस्त डाव्यावर होती. डॉक्टरांनी डाव्याबद्दल बजावून सांगितले होते की सरळ ओळ वाकडी दिसू लागली किंवा अक्षराच्या मधोमध डाग आला, तर त्याच आठवड्यात या. डोळ्यात वेळेवर इंजेक्शन दिले तर नजर टिकते. उशीर झाला तर गेलेली परत येत नाही. आम्ही उठताना ते आणखी एक वाक्य म्हणाले, की वाचताना उजेड भरपूर आणि स्थिर असू द्या. पहिले वाक्य तिच्याकडे राहिले. दुसरे मी उचलले.

मी कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर त्याच हिंदी मुलखात, महाराजपुरात राहायला आलो आणि व्हरांड्यातले अर्धे टेबल सोल्डरिंगच्या सामानाने व्यापले. उजेड ही माझ्या आवाक्यातली गोष्ट होती. डोळा नव्हता.

बाजारातला स्वस्त एलईडी दिवा का चालला नसता, ते सांगतो. जुन्या तारेच्या बल्बला दाब थोडा जास्त मिळाला तर तो थोडा जास्त उजळतो. एलईडीचे तसे नाही. दाबात जरासा फरक पडला की त्यातून जाणारा प्रवाह भलताच वाढतो किंवा घटतो. म्हणून एलईडीला दाब मोजून देऊन भागत नाही, प्रवाह बांधून द्यावा लागतो. आमच्या आताच्या वसाहतीत सकाळी सगळ्यांचे पाण्याचे पंप एकदम सुरू होतात आणि विजेचा दाब खाली-वर होतो. शिवाय घरातली वीज उलटसुलट वाहणारी असते. ती नीट सपाट केली नाही, तर दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद आणि तेज होत राहतो. निरोगी डोळ्याला ते कळत नाही. तिच्या डोळ्याला कळेल, अशी मला भीती होती.

बाजारात बड्या फुहाऱ्याच्या कारंज्याजवळच्या गल्लीत मी सुटे भाग घ्यायला गेलो. दुकानदार गल्ल्यावरून न उठता म्हणाला, "मास्साब, बना-बनाया ले जाओ. दो साल की वारंटी है. इतनी तो हमारी-आपकी नहीं है."

"बने-बनाये में करंट कौन तय करता है?"

"कंपनी."

"बस, इसीलिए."

माझी रचना साधी होती. चार डायोड उलटसुलट वीज एका दिशेची करतात, एक कपॅसिटर तिचे चढउतार भरून काढतो, मग एलईडींची माळ, आणि माळेच्या शेवटी एक नियंत्रक चिप. ही चिप एका लहान रोधकावर, म्हणजे रेझिस्टरवर, ठरावीक दाब कायम राखते, माझ्या चिपमध्ये सुमारे शून्य पूर्णांक सहा व्होल्ट. म्हणजे रोधक निवडला की प्रवाह ठरला. मी वीस ओहमचे दोन रोधक समांतर जोडले. मिळून दहा ओहम झाले, आणि मीटरने साठ मिलीअँपिअर दाखवले. अशा दिव्याची पाटी, म्हणजे भाग जोडलेला बोर्ड, विजेपासून विलग नसते, म्हणून प्लग काढून कपॅसिटर रिकामा केल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो. हे मी तिलाही दोनदा समजावले.

"शाळा सुटली, पण मास्तर काही सुटले नाही," ती म्हणाली.

सकाळी चहानंतर तिने एक पान मोठ्याने वाचायचे, ही आमच्या घराची रीत होती. मुले बाहेरगावी गेली, फोनवर ती हिंदीतच उत्तरे देत. सलग मराठी कानावर पडायची ती त्या एका पानातून. मराठी मंडळाच्या ग्रंथालयातली पुस्तके ती आणे. दिवा लावल्यावर पहिल्या सकाळी तिने दोन पाने वाचली.

मी एक वही सुरू केली. तारीख, प्रवाह, केलेला बदल आणि तिचे मत, असे चार रकाने. मुलांना मी वर्षानुवर्षे सांगत आलो होतो की एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बाकी सगळे स्थिर ठेवा. नाहीतर परिणाम कशाचा, हे कळणार नाही.

काही आठवड्यांनी ती वाचताना थांबली. "अहो, थोडा कमी झाला का हो उजेड?"

मीटर साठच दाखवत होता. एलईडी गरम राहिल्याने त्यांचे तेज उतरले असावे, असा मी निष्कर्ष काढला आणि तिसरा रोधक जोडला. प्रवाह नव्वद झाला. पाटीखाली ॲल्युमिनियमचा जाड तुकडा बसवला. "आता बरं आहे," ती म्हणाली. मी ते वहीत लिहिले.

त्यानंतर चारच दिवसांनी ती म्हणाली, "ओळ हलून राहिली."

मला ते स्पष्टच वाटले. हलते म्हणजे चढउतार उरले आहेत, म्हणजे कपॅसिटर कमी पडतो आहे. मी त्याच दुपारी मोठा कपॅसिटर आणून बसवला. दुसऱ्या सकाळी माझा चेहरा पाहून ती म्हणाली, "नाही हलत आता." मी लिहिले: दोष दूर झाला.

पुढचे अनेक दिवस तिचे मत चांगलेच पडत गेले. ग्रंथालयाचे पुस्तक मात्र तिने परत केले आणि आरत्यांची तिची जुनी वही काढली. मन लागते त्यात, म्हणाली. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

मग एका सकाळी, निव्वळ सवयीने, मी ताळ्याचे निरीक्षण घ्यायचे ठरवले, म्हणजे उजेड मुद्दाम कमी करून तिचे मत बदलते का ते पाहायचे. प्रयोगशाळेत आम्ही हे नेहमी करायचो. ती अंघोळीला गेली असताना मी तीनपैकी दोन रोधक काढले. प्रवाह नव्वदवरून तीसवर आला. दिवा चटकन लक्षात येण्याइतका मंद झाला. मलाच पानाजवळ वाकावे लागत होते.

ती येऊन बसली. वही उघडली. खणखणीत वाचू लागली.

"आज कसा आहे?" मी विचारले.

"आज तर कालच्याहून छान. काय केलं?"

मी उठून तिच्या मागे गेलो. ती म्हणत होती ती आरती त्या पानावर नव्हती. त्या पानावर किराण्याची यादी होती.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तशी ती थांबली.

"केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"दिसत नाही, ते."

तिने वही मिटली. "तुम्ही तो मोठा डबा लावला ना, त्याच्या आधीपासून."

"मग सांगितलं काहून नाहीस?"

"सांगितलं ना मी. ओळ हलून राहिली म्हटलं. तुम्ही पेचकस-पक्कड घेऊन आले." वही बाजूला सारत ती म्हणाली, "मग वाटलं, दिव्याचंच असंल. तुम्हाला समजतं त्यातलं. अन् नंतर तुम्ही इतके खूश होते, की..."

मी दिवा बदलला, रोधक बदलले, कपॅसिटर बदलला. पाहणारा डोळा तेवढा स्थिर धरला होता, आणि बदलत होता तो एकटाच.

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी विचारले, ओळी वाकड्या कधीपासून दिसतात? मला तारीख तोंडपाठ होती. एकोणतीस दिवस, मी म्हणालो. त्यांनी लिहिणे थांबवून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा लिहू लागले. इंजेक्शन त्याच दिवशी दिले. बाहेर येऊन ते एवढेच म्हणाले, "जो गया वो तो नहीं आएगा. जो बचा है, उसे बचाने की कोशिश करेंगे."

आता महिन्याला एक इंजेक्शन असते. तिला मोठी अक्षरे दिसतात, वर्तमानपत्राचे मथळे दिसतात, पान वाचता येत नाही. मी वाचून दाखवू का म्हटले, तर नको म्हणाली. चहानंतर आम्ही तसेच बसून राहतो.

डॉक्टरांनी चौकटी आखलेला एक कागद दिला आहे. रोज तो मी तिच्यासमोर धरतो. ती तळहाताने उजवा डोळा झाकते आणि रेघा सरळ दिसतात की वाकड्या, ते सांगते. प्रवाह मला मोजता येतो, दाब मोजता येतो. तिला काय दिसते ते मोजायला माझ्याकडे तिच्या शब्दाखेरीज काही नाही. आणि त्या शब्दावर माझा विश्वास उरलेला नाही. मी तोच प्रश्न फिरवून दोनदा विचारतो. ती चिडते.

"चोर पकडून राहिले का?"

"हो," मी म्हणतो.

आज सकाळी तिने कागद पाहिला. "सरळ आहेत सगळ्या." मग, "डावीकडची तिसरी जराशी..."

"जराशी काय?"

"काही नाही हो. सरळ आहे."

"जराशी काय?"

तिने डोळ्यावरचा हात काढला आणि पदराने चष्मा पुसत बसली. मी कागद टेबलावर ठेवला आणि ऑटोवाल्याला फोन लावला.