ताईची दुपारची झोप

माझी थोरली बहीण सुनरे घोरते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. तिचा नवरा चांगसोप आमच्या जिन्जू शहरात सिटी बसचा ड्रायव्हर, पहाटेची पहिली गाडी काढतो, म्हणजे ही त्याच्याही आधी उठणार, भात-सूप करणार, त्याला दारापर्यंत पोचवणार. मग बाजार, धुणं, मिरच्या निवडणं, हजार कामं. दुपारी भांडी आवरली की बैठकीच्या खोलीत, खालून तापवलेल्या जमिनीवर ती आडवी व्हायची आणि अशी घोरायची की शेजारीण भिंतीपलीकडून म्हणायची, “चला, सुनरे झोपली, आता माझीही झोपायची वेळ झाली.” एवढी एक झोप सोडली तर त्या घरात तिचं स्वतःचं असं काहीच नव्हतं.

मग इन्ग्यू आला. तिचा एकुलता एक. राजधानीत, सोलमधल्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. कंपनी म्हणाली घरून केलंत तरी चालेल, तर पोरगा तिथली भाड्याची खोली सोडून लॅपटॉप घेऊन आईकडे हजर. ताईला आकाश ठेंगणं झालं. त्याच्या जुन्या खोलीत किमचीचा, म्हणजे मुरवलेल्या कोबीचा, वेगळा फ्रिज आणि मिरच्यांची पोती होती, म्हणून टेबल लागलं बैठकीच्या खोलीत. बरोब्बर तिच्या झोपायच्या जागेवर.

आमच्याकडे सार्वजनिक स्नानगृहात बायका एकमेकींची पाठ घासताना नवऱ्यांची वर्गवारी करतात. घरी एकदाही न जेवणारा तो ‘साहेब’, एकदा जेवणारा ‘अहो’, दोनदा जेवणारा ‘अरे’, आणि तिन्ही त्रिकाळ जेवणारा ‘मेल्या’. मी ताईला विचारलं, “आणि तिन्ही वेळा जेवणारा मुलगा?”

“मुलाला असं म्हणतात का गं? जिभेला काही हाड?” ती माझ्यावरच उखडली.

पहिल्याच आठवड्यात तिनं घोटाळा केला. इन्ग्यूची मीटिंग चालू होती. पडद्यावर त्याचा साहेब दिसला, तशी ही नासपती सोलून, फोडी करून, बशी घेऊन पुढे गेली आणि पडद्यासमोर कमरेत वाकून म्हणाली, “आमच्या पोराकडे लक्ष असू द्या. लहानपणापासून पोटाचा नाजूक आहे तो.” साहेबानंही तिकडून वाकून नमस्कार केला म्हणे. इन्ग्यू मात्र कानापर्यंत लाल. “आई, प्लीज! मी ऑफिसात आहे!”

“ऑफिसात कुठला? मोजे न घालता बसलायस,” ताई म्हणाली. पण त्या दिवसापासून ती बशी ठेवून मांजराच्या पावलानं परत फिरू लागली.

नंतर एका दुपारी न राहवून ती त्याच्या टेबलामागे कोपऱ्यात आडवी झाली. इन्ग्यू काहीतरी महत्त्वाचं समजावून सांगत होता आणि मागून घोरणं सुरू झालं. पलीकडचे सगळे खदाखदा हसले. कुणीतरी विचारलं, घरात कुत्रा पाळलाय का. इन्ग्यू रागावला नाही. रात्री जेवताना तो नुसतं एवढंच म्हणाला, “आई, आज जरा पंचाईत झाली.” रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर ताई दुपारची झोपलीच नाही.

आतल्या खोलीत जागा होती, पण तिथं बसची पाळी संपवून आलेले भावोजी टीव्ही लावून पसरलेले. मग ताई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहायची. मिक्सर लावायचा नाही, नळ मोठा सोडायचा नाही. भाताचा कुकर आमच्याकडे बोलतो, “भात तयार आहे” म्हणून ओरडतो, तर त्याच्यावर ती उशी दाबून धरायची. कपडे दुरुस्तीचं माझं दुकान त्यांच्या इमारतीच्या फाटकाशीच आहे. तिथं येऊन बसली की बोलता बोलता तिची मान पडायची. एकदा भावोजींच्याच बसमध्ये ती झोपली आणि थेट डेपोत पोचली. एकदा शेगडीवर सूप आटून पातेलं काळं पडलं, घरभर धूर, आणि ही समोर स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेली. मला वाटलं, एखाद्या दिवशी ही भाजून मरेल.

मी वर जाऊन इन्ग्यूला झाडलं. “तुझी आई झोपेविना मरायला टेकलीय, दिसतं का?”

“मावशी, मी तिला झोपू नको असं कधी म्हणालो?”

“म्हणायला कशाला हवं?”

त्याचंही सुखाचं चाललं नव्हतं, हे खरं. पूर्वी ऑफिस सुटायचं. आता भाताच्या वाडग्याशेजारी फोन, घास तोंडात आणि अंगठा पडद्यावर. डोळे सुजलेले. त्यानं आईसाठी महागडं, पाय चेपायचं यंत्र मागवलं. ते चालू केलं की घरघर आवाज यायचा, म्हणून तेही बंदच.

आणि वसंत लागता लागता ताईनं सगळ्यांना सांगून टाकलं की ती कामाला जाणार. गावाबाहेरच्या एका कारखान्याच्या खानावळीत, भाज्या चिरायला आणि वाढायला. घरात भूकंप झाला. भावोजी म्हणाले, “मुलगा कमावता असताना बायको दुसऱ्याचे तांदूळ धुणार? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!”

इन्ग्यूचा चेहरा उतरला. “आई, पैसे कमी पडतात का? सांग ना.”

“नाही रे बाबा.”

“मग?”

“मग काही नाही,” ती म्हणाली आणि रोजच्यासारखी भांडी घासायला उठली.

ती जायला लागली. दोघे बापलेक थंडगार भात खात राहिले. शेवटी एके दुपारी इन्ग्यू लॅपटॉप मिटून माझ्या दुकानात आला. “चल मावशी, तिला घेऊन येऊ. मला हे बघवत नाही.” मलाही वाटलं, या वयात कढया उपसतेय, आणावं घरी. दुकानाला कुलूप लावून निघाले.

खानावळ धुऊन स्वच्छ झाली होती. आतल्या बाजूला एक छोटी खोली, दाराशी रबरी बूट ओळीनं काढलेले. दार किलकिलं होतं. तापलेल्या जमिनीवर पाच-सहा बायका डोक्याखाली टॉवेल घेऊन आडव्या झाल्या होत्या, आणि भिंतीकडे तोंड करून माझी ताई, मोकळ्या गळ्यानं, घोरत होती. बाकीच्यांना त्याचं काहीच नव्हतं. इन्ग्यूनं दाराला हात घातला.

तेवढ्यात तिथली मुकादमीण आडवी आली. ताईपेक्षा लहानच असेल, डोक्यावर अजून जाळीची टोपी. दबक्या आवाजात म्हणाली, “आत जायचं नाही. मधली सुट्टी चालू आहे.”

“मी त्यांचा मुलगा आहे.”

“ओळखलं मी,” ती म्हणाली. “म्हणूनच सांगतेय. सुट्टी संपली की या.”

आणि तिनं दार हलकेच लावून घेतलं. ताईच्या झोपेसाठी कुणी दार अडवून उभं राहिलंय, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मला रडूच फुटलं. इन्ग्यूचा फोन खिशात थरथरत होता. त्यानं तो काढलाही नाही. बुटांच्या त्या ओळीशी तो खाली बसला.

“घेऊन जायचं ना?” मी विचारलं.

त्यानं बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, “घरी नेऊन झोपवू कुठं तिला?”