चाळीस शब्दांतली नणंद

डुबकीसाहेबांनी बत्तीस वर्षं नौदलाच्या पाणबुड्यांत काढली आणि त्याबद्दल घरात बत्तीस वाक्यंसुद्धा बोलले नाहीत. कुठे होतात, असं विचारलं की म्हणायचे, "पाण्यात." किती खोल? "पुरेसं." नाव त्यांना कॉलनीनं ठेवलेलं. माणूस सकाळी दुधाची पिशवी घेऊन जाताना दिसायचा आणि मग दोन-दोन महिने गायब. समोरच्या इमारतीतल्या शिवणकामवाल्या बाईंनी तर यांचं दुसरं घर आहे असं पक्कं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या घरून येणाऱ्या माणसाच्या अंगाला डिझेलचा वास कसा येतो, एवढं एकच कोडं त्यांना सुटत नव्हतं.

काकूंनी, म्हणजे साहेबांच्या बायकोनं, शाळेत भूगोल शिकवला. जगातले सगळे समुद्र तोंडपाठ. त्यातल्या नेमक्या कुठल्या समुद्रात आपला नवरा आहे, तेवढंच ठाऊक नसे.

साहेब अडुसष्टाचे झाले आणि निवृत्त पाणबुडीवाल्यांच्या संघटनेनं स्मरणिका काढायची ठरवली. प्रत्येकाची कारकीर्द त्याच्या बायकोनं लिहायची, अशी कल्पना. संपादक एके काळचे भांडारप्रमुख. त्यांनी फोनवर फर्मावलं की वहिनी, दोन पानं, रविवारपर्यंत, आणि पदकं विसरू नका. काकू वही घेऊन बसल्या. साहेबांनी माहिती पुरवली: आधी टॉर्पेडो अधिकारी, मग दिशादर्शक, मग उपकप्तान, मग कप्तान, मग घरी. चार ओळींत बत्तीस वर्षं आटोपली.

खरं तर काकूंना पानं भरायची तितकीशी काळजी नव्हती. एक गोष्ट अठ्ठावीस वर्षं त्यांच्या मनात रुतून बसली होती, आणि ती विचारायला स्मरणिकेचं निमित्त बरं होतं.

त्याचं असं. पाणबुडी मोहिमेवर गेली की घरच्यांना आठवड्यातून एकदा चाळीस शब्दांचा निरोप पाठवता येई. तोही एकतर्फी, खालून उत्तर येणं शक्य नाही, उत्तर दिलं तर पाणबुडीचा ठावठिकाणा कळायचा. बंदरावरच्या कचेरीत एक कडक टंकलेखिका बसायची. ती शब्द मोजायची आणि वाईट बातमी खोडायची. आजारपण, अपघात, मृत्यू, काही चालायचं नाही. खाली बसलेल्या माणसाला काही करता येत नाही, मग जिवाला घोर कशाला, असा नियम. काकू चाळीस शब्द पुरवून पुरवून वापरायच्या आणि त्यातले तीस तरी नणंदबाईंवर खर्च करायच्या. नणंदबाई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. चार दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्या दुसऱ्या वर्षीही पंख्याखालची खुर्ची सोडायला तयार नव्हत्या. टंकलेखिका त्यावर काट मारत नसे. तिच्या मते ती वाईट बातमी नव्हती, ते रोजचंच होतं.

अशाच एका मोहिमेत काकूंचे वडील गेले. कळवायची सोय नव्हती. साहेब तेहतीस दिवसांनी परतले, काकूंनी दारातच सांगितलं, आणि साहेब म्हणाले, "हं." बस. दचकले नाहीत, कधी, कसं काही विचारलं नाही. त्या 'हं'वर काकूंनी अठ्ठावीस वर्षं मनातल्या मनात खटला चालवला होता आणि निकाल केव्हाच लागला होता: हा माणूस आतून पत्र्याचा आहे.

शनिवारी काकूंनी पाणबुडीवरच्या जुन्या आचाऱ्याला चहाला बोलावलं. आचारी आता मुलाच्या बेकरीत गल्ल्यावर बसतो, बिस्किटांचा पुडा घेऊन आला, आणि बसता बसता त्यानं विचारलं, "वहिनी, त्या ताई गेल्या का हो शेवटी?"

तुम्हाला ताई कशा ठाऊक, काकूंनी विचारलं. मग बाहेर आलं ते असं की साहेब काकूंचा निरोप एकदम वाचतच नसत. चाळीस शब्द सात दिवस पुरवायचे. रोज सकाळच्या चहाला पाच-सहा शब्द, तेही मोठ्यानं. पन्नास माणसं घुटका थांबवून ऐकायची. ताईंनी पडदे बदलायला लावले, हे सोमवारी कळे. काकूंनी बदलले की नाही, यासाठी मंगळवारपर्यंत जीव टांगणीला. इंजिनखोलीतल्यांनी ताई घराचं दिवाळं काढल्याशिवाय जाणार नाहीत अशी पैज लावली होती, आणि आचाऱ्यानं काकूंच्या बाजूनं दोन महिन्यांचं गोड पणाला लावलं होतं.

"माझ्या घरातली भांडणं पन्नास पुरुषांना वाचून दाखवलीत?" काकू साहेबांकडे वळल्या.

साहेब बिस्कीट चहात बुडवत होते. ते अर्धं तुटून आत पडलं.

आचाऱ्याला आपण भलतंच बोललो हे कळलं. सावरायला म्हणून तो म्हणाला की एका मोहिमेत मात्र साहेबांनी मध्येच वाचन बंद केलं. शेवटचा महिनाभर निरोप खिशात. कुणी विचारलं तर त्याला टाक्या मोजायला पाठवत. आणि आपला चहा संपवून, बेकरीची वेळ झाली असं सांगून तो सटकला.

"का बंद केलंत?" काकूंनी विचारलं.

साहेबांनी बुडालेलं बिस्कीट चमच्यानं वर काढलं. मग म्हणाले, "त्या आठवड्यात तू ताईची स्तुती केली होतीस."

काकूंना आठवलं. वडिलांच्या दिवसांत नणंदबाईंनी खुर्ची सोडली होती आणि सगळं घर एकटीनं उचललं होतं. बाकी काही लिहायची मुभा नव्हती, म्हणून काकूंनी तेवढंच लिहिलं होतं: वन्सं फार प्रेमानं वागतात, त्या आहेत म्हणून बरं.

"तू, आणि ताईची स्तुती?" साहेब म्हणाले. "म्हटलं, घरात कोणीतरी गेलं. कोण ते कळेना. विचारणार कुणाला? मग रोज एकेक माणूस गेला असं धरलं. आई धरली, तुझे बाबा धरले. आपल्या धाकट्या पोराला धरायची वेळ आली तेव्हा एक दिवस जेवलो नाही. तुला तेवढं धरलं नाही. लिहिणारी तूच होतीस. दारात तू बाबा म्हणालीस, तोवर मी त्यांच्यासाठी दोनदा रडून झालो होतो, गं. आणि धाकटा तुझ्यामागे उभा दिसला. सुटलो, असं वाटलं. ते तुला कसं सांगणार? म्हणून हं म्हटलं."

काकूंनी उठून साहेबांचा कप ओतून टाकला, दुसरा चहा टाकला, आणि तो उकळेपर्यंत साहेबांकडे पाठ करून ओट्याशी उभ्या राहिल्या. मग वही ओढली.

रविवारी संपादकांचा फोन आला. वहिनी, साडेपाच पानं झाली आहेत, निदान नणंदेचं तरी कापा. काकूंनी शांतपणे सांगितलं, "पदकं कापा."