मध्यंतरापर्यंतचे मामा

माझ्या मामांइतके सिनेमे पाहिलेला आणि त्यांतला एकही पुरता न पाहिलेला माणूस उभ्या कोल्हापुरात दुसरा नव्हता, आणि पुढे निपजेल असंही मला वाटत नाही. मुके चित्रपट, बोलके चित्रपट, गाणारे चित्रपट आणि अलीकडचे नुसतेच रडणारे चित्रपट, सगळे त्यांनी पाहिले. पण मध्यंतराचे दिवे लागले की मामा धोतराचा सोगा सावरत उठायचे आणि चपला करकरवत थेट मंगळवार पेठेतल्या आपल्या घरी. पडद्यावर नायिका विहिरीच्या काठाशी उभी असो की खलनायकाचा सुरा नायकाच्या गळ्यापाशी येऊन थांबलेला असो, मामांना त्याचं सोयरसुतक नसे. स्वराज्य आलं त्याच्या पुढच्या साली मी मास्तरकी धरून त्यांच्याकडे राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच शुक्रवारी त्यांनी मला सिनेमाला नेलं आणि मध्यंतराला दंडाला धरून उठवलं. मला धक्काच बसला. म्हटलं, ह्यांच्या पोटात दुखतंय की काय!

"चल, झाला बघून," मामा म्हणाले.

"अहो मामा, अजून निम्मा राहिलाय!"

"मग? आख्खा रवा खाऊन गुळाचा भाव ठरवतंय व्हय कोण?"

मामांची गुळाची अडत होती. शेतकऱ्याचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, पुढ्यात आली की त्याचा एक टवका काढायचा, उजेडात धरायचा, जिभेवर ठेवायचा आणि भाव सांगायचा, हा त्यांचा जन्माचा धंदा. सिनेमाचीही पारख ते तशीच करत. "कथा बरी हाय, पण मळी काढली न्हाई नीट." "हिरो गोड हाय, पण चिकाट हाय." एका फार गाजलेल्या चित्रपटाबद्दल तर ते म्हणाले, "गूळ बसलाच न्हाई गा. काकवीच राहिली." मी त्यावर हसलो, मग रविवारी चोरून तो चित्रपट शेवटपर्यंत पाहून आलो, आणि खरोखर काकवीच होती! तेव्हापासून मामांच्या मताला मी नावं ठेवायची सोडून दिली.

जुन्यावर त्यांचा जीव होता. "मुक्या सिनेमात माणसं बोलत न्हवती, म्हणून खोटंबी बोलत न्हवती," असं ते छातीठोक सांगत. जुने देव अंगानं भरलेले, खाऊनपिऊन सुखी. नवे देव बघवत नाहीत, बिचारे एकादशी धरल्यासारखे दिसतात. नव्या चित्रपटांतल्या पियानोचा तर त्यांना भारी धसका. "ज्येच्या घरात पियानो, त्येच्या घरात सुख न्हाई. लिहून घे." कॉलेजात जाणारा नायक दिसला की ते मला कोपरानं ढोसत. "मास्तर, ह्येच्या हातात पुस्तक दिसलं काय एकदा तरी? बाप मरमर मरतोय, आन् ह्यो बागेत लोळतोय!" आणि हे सगळं हळू आवाजात नव्हे. कोल्हापूरच्या माणसाला हळू आवाज देवानं दिलेलाच नाही, त्यातून मामा बाजारात ओरडून लिलाव करणारे. नायिकेनं बिनबाह्यांचं पोलकं घातलं की मामांचा "आँ?" बाल्कनीपर्यंत जायचा आणि मागून कुणीतरी म्हणायचं, "आला आला, शेठजींचा पहिला धक्का आला!"

धक्का बसायला मामांना काही म्हणजे काही लागत नसे. इतकी वर्षं सिनेमा पाहणारा माणूस, पण दर शुक्रवारी त्याला नव्यानं धक्का बसायचा. गावात शूटिंग चाले, त्यामुळे पडद्यावरची माणसं रस्त्यात भेटायची आणि मामांची फारच पंचाईत व्हायची. एकदा स्टुडिओच्या फाटकापाशी साक्षात महादेव बिडी ओढत उभा! जटा, भस्म, गळ्यात नाग, सगळं जिथल्या तिथे, आणि तोंडातून धूर. मामा रस्त्याच्या मधोमध खिळले. मागचा टांगेवाला शिव्या द्यायला लागला तरी हलेनात. शेवटी त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि मान खाली घालून निघाले. मी म्हटलं, "मामा, तो नट आहे हो." तर म्हणाले, "ठाऊक हाय की. पर आता ह्यो काय आन् तो काय. देवाची मर्जी, बिडी तर बिडी."

आता मध्यंतराची गोष्ट. गुळाच्या रव्याचं ते तत्त्वज्ञान बाजारात सांगायला ठीक होतं. खरं कारण मला महिन्याभरात कळलं, आणि ते मामांनीच सांगितलं. मामीचं हृदय नाजूक होतं. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन बजावलं होतं, की बाईंना कसलाही धक्का बसता कामा नये. झालं! स्वतः ऊठसूट धक्के खाणाऱ्या माणसावर दुसऱ्याला धक्क्यापासून वाचवायची कामगिरी पडली. घरात दार आपटायचं नाही. भांडं पडलं तर पाडणाऱ्यानं आधी "पडतंय हं" म्हणायचं. ते कसं म्हणायचं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. गुळाचा भाव कोसळला तर मामा उंबऱ्यात थांबून आधी हसायचे. आणि पेठेत कुणी वारलं, तर ते वारले म्हणून सांगायचं नाही. ते मलकापूरला गेले!

मलकापूरच का, ते विचारू नका. रत्नागिरीच्या रस्त्यावरचं ते गाव मामांना लांब वाटायचं, एवढंच. समोरचे वृद्ध वकील गेले, तेव्हा मामा डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "वकीलसाहेब मलकापूरला गेले गं." मामी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं. बाराव्याला जेवायला बोलावलंय, जाऊन येते." मामांचं तोंडच तसं होतं. गुळासारखं, आतलं सगळं वर दिसायचं.

आणि मामीला सिनेमाची विलक्षण हौस. थिएटरात काळोखात जाऊन काही बघायचं, हे तर डॉक्टरांनी साफ बंद केलेलं. म्हणून मामा जायचे आणि घरी येऊन तिला सगळी गोष्ट सांगायचे. पण चित्रपटांचे शेवट हे असे! कुणी क्षयानं मरतंय, कुणी नदीत उडी टाकतंय. ते पाहून घरी आलं, की तोंडावर दिसणारच. "बघितलंच न्हाई, तर तोंडावर काय दिसणार?" मामा मला म्हणाले होते. म्हणून मध्यंतराला उठायचं, घरी यायचं, चुलीपुढं पाट घ्यायचा, झाली तेवढी गोष्ट हुबेहूब सांगायची, आणि मग घसा खाकरून म्हणायचं, "आता फुडं माझा अंदाज असा हाय..."

त्या अंदाजात नायिका वैद्याच्या काढ्यानं बरी व्हायची. खलनायकाला पश्चात्ताप होऊन तो दुधाचा धंदा काढायचा. हरवलेलं मूल जोतिबाच्या यात्रेत सापडायचं. मामी भाकरी थापता थापता दर वाक्याला "मग?" म्हणायची, आणि ते "मग?" असं काही म्हणायची, की मामांना आणखी दोन लग्नं लावावीशी वाटायची. शेवटी ती म्हणायची, "बरं झालं बाई." की मामा जेवायला बसले.

एकदाच घात झाला. एका मेल्या दिग्दर्शकानं नायिकेला मध्यंतराच्या आधीच मारली! मामा घरी पाटावर बसले, गोष्ट सांगता सांगता तिथवर आले आणि अडकले.

"मग?" मामी म्हणाली.

"मग... ती मलकापूरला गेली."

"एकाएकी?"

"व्हय. एकाएकी."

"कशानं?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

"यष्टीनं," मामा म्हणाले.

मामीनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता हिला धक्का बसला. जवळ जाऊन पाहतो, तर बया हसत होती.

तरी मला खरा धक्का बसला तो वेगळाच. मामा कधी तिकीट वाया घालवत नसत. मध्यंतराला बाहेर पडताना डोअरकीपरकडून परत आत यायचा पास घ्यायचे आणि फाटकाशी उभ्या असलेल्या आपल्या अडतीवरच्या हमालाला द्यायचे. त्यामुळे हा हमाल वर्षानुवर्षं प्रत्येक चित्रपटाचा फक्त उत्तरार्ध पाहत आलेला. त्याच्या हिशेबी सिनेमा म्हणजे नुसती रडारड. एकदा त्यानं मला अगदी काकुळतीनं विचारलं होतं, "मास्तर, ह्या माणसांस्नी जलमापासनंच असं दुःख असतंय काय वो?" दुकानात सिनेमाचं अवाक्षर काढायचं नाही, अशी मामांनी त्याला ताकीद दिली होती. पण हाच गडी शनिवारी सकाळी घरी जळण टाकायला यायचा, हे मामांच्या ध्यानातच आलं नाही. एका शनिवारी मला शाळेला सुट्टी होती. मी परसात गेलो, तर हा पायरीवर बसून चहा पितोय, मामी समोर, आणि हा सांगतोय, "...आन् मग वैनी, पोरगं खोकत खोकत गेलं बघा. आईच्या मांडीवरच. तोंडातनं रक्त."

मी ओरडलोच, "अरे गप! तिला धक्का बसेल!"

हमाल चहा सांडून उभा राहिला. मामी मात्र जागची हलली नाही. "बस रं," ती त्याला म्हणाली, आणि मग मला म्हणाली, "तूबी बस. धक्का कसला बसतोय मला? पोटची दोन लेकरं देवाला माघारी दिली मी. पडद्यावरच्या बाईचं काय घिऊन बसलास?"

"मग मामांना कशाला..."

"धाकटं गेलं तवा हे सा म्हैनं बोललं न्हाईत. गूळ बघायचं, भाव सांगायचं, घरी येऊन भित्तीकडं तोंड करून निजायचं. मग मीच म्हटलं, सिनेमाला तरी जावा आन् मला येऊन सांगा. आले, आन् बोलाय लागले. मी नुसतं 'मग?' म्हणत राहिले." तिनं पदरानं डोळे पुसले आणि लगेच दटावलं, "तेस्नी सांगू नगंस हं. मला समदं ठाऊक हाय म्हणून कळलं, तर तेस्नी धक्का बसंल."

म्हणजे इतकी वर्षं ह्या घरात दार हळू लावत होतो ते मामीसाठी नव्हेच! मी पायरीवर बसलो. हमालानं उरलेली गोष्ट सांगून टाकली.

पुढे माझी बदली राधानगरीला झाली. एके दिवशी वर्ग चालू असताना खिडकीतून पाहतो, तर शाळेच्या पटांगणात मामा. दुकान सोडून ते कधी गावच्या जत्रेलाही गेले नव्हते. मी धावत बाहेर आलो. त्यांनी आधी हसून पाहिलं. उंबऱ्यात हसायचे तसं. मग माझा दंड धरला.

"तार करणार हुतो," ते म्हणाले. "पर तार बघून तुला धक्का बसला असता."

"काय झालं, मामा?"

"तुझी मामी मलकापूरला गेली रं," मामा म्हणाले, आणि पटांगणात मटकन खाली बसले.

त्यानंतर मामांनी सिनेमा सोडला. दोनतीन महिन्यांनी मी कोल्हापूरला गेलो, तेव्हा ते पुन्हा भिंतीकडे तोंड करून निजत होते. त्यांच्या आवडीचा एक जुना चित्रपट पुन्हा लागला होता. मी बळेबळे नेलं. मध्यंतराचे दिवे लागले, तसे मामा सवयीनं उठले, सोगा सावरला आणि दारापर्यंत गेले. फाटकाशी हमाल उभा होता. आम्ही आत शिरल्याचं कुणाकडून तरी त्याला कळलं असावं. मामा त्याच्याकडे पाहत राहिले. घरी जायची घाई नव्हती. मग त्यांनी त्याच्यासाठी तिकीट काढलं आणि त्याला आत आणून आपल्याशेजारी बसवला.

मामांनी आयुष्यात पहिल्यांदा उत्तरार्ध पाहिला. नायक आंधळा झाला, मूल तापानं गेलं, नायिका नवऱ्याच्या पायाशी मेली. पडदा पांढरा झाला तरी मामा जागेवरच. पोलकं पाहून ओरडणारा माणूस! मग हळू, अगदी हळू आवाजात हमालाला म्हणाले, "दर वेळी असंच व्हतंय व्हय रं?"

"दर वेळी, मालक."

"आन् तिला ह्यातलं काईच कळलं न्हाई."

हमालानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं.

"काईच न्हाई, मालक," हमाल म्हणाला.

"बरं झालं," मामा म्हणाले. "सोसलं नसतं तिला."

आम्ही घराकडे निघालो. वाटेत नुसत्या चपला करकरत होत्या. पेठेच्या तोंडाशी आल्यावर मामा थांबले, घसा खाकरला, आणि कुणाकडेच न बघता म्हणाले, "माझा अंदाज असा हाय, की ती मेलीच न्हाई. वैद आला. काढा दिला. सकाळी उठून बसली."

एवढं म्हणून ते थांबले. चेहरा सगळा दिसत होता, माझ्याच्यानं बघवेना.

मी म्हटलं, "मग?"