सात पंचवीसला थांबलेलं घड्याळ

पांडेसऱ्याच्या मिलमधल्या डाइंग मास्तरने, म्हणजे रंगखात्याच्या मुख्याने, मला फसवलं. आणि माझ्याच हातून, मेलेल्या भिकनलाही फसवलं. सुरतेच्या लिंबायतमध्ये मी वीस वर्षं साड्या विकतोय. भाव करायला बसलो की समोरच्याला घाम फुटतो. पण भिकनच्या दहाव्याला तो मास्तर दारात हात जोडून उभा राहिला आणि माझी सगळी हुशारी गळून पडली.

भिकन माझा साडू. आम्ही दोघं खानदेशातून एकाच वर्षी सुरतेला आलो. तो रंगखात्यात लागला. सुटीच्या दिवशी घरी पाटावर धोतराचं फडकं अंथरून लोकांची सेलवाली घड्याळं दुरुस्त करायचा. मिलमधल्या वाफेने त्यांच्या आत दमट व्हायचं, ती बंद पडायची. मी एकदा फुटपाथवरून एक घड्याळ निम्म्या भावात आणलं आणि ऐटीत त्याच्यापुढे टाकलं. त्याने मागचं झाकण उघडलं आणि हसतच सुटला. "साडभाऊ, तुम्ही भाव पाडला, त्यानं सेल काढून घेतला!" त्या दिवसापासून हट्टाने मी त्याच्याकडून काम शिकलो. सेल चिमट्याने उचलायचा, सेलखालची पत्री खोडरबरने घासायची, कॉइलला मात्र हात लावायचा नाही, तिची तार केसाहून बारीक. मी रेटून काही करायला गेलो की तो माझं मनगट धरायचा... "आठे जोर चालत नही, साडभाऊ." म्हणजे, इथे जोर चालत नाही. त्याचं स्वतःचं मनगटावरचं घड्याळ रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांवर लावलेलं असे. सगळी गल्ली त्यावर आपली घड्याळं लावायची.

मग एके दिवशी मिलमध्ये रंगाच्या मशीनचं झाकण उडालं आणि उकळतं पाणी त्याच्या अंगावर आलं. मिलवाल्यांनी दवाखान्यात नेलं तेच पावणेनऊला. तिसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला मास्तरने खिशातून त्याचं घड्याळ काढलं, रुमालाने काच पुसली आणि माझ्या हातावर ठेवलं. आत लाल पाणी शिरलं होतं, काटे सात पंचवीसवर थांबले होते. "भाई, बंद घडियाळ घरमां न रखाय," तो म्हणाला, बंद घड्याळ घरात ठेवू नये. तुम्हाला येतं ना दुरुस्त करता? चालू करून बहेनला द्या, तिच्या जिवाला बरं वाटेल. सुमनने, माझ्या मेहुणीने, डोळ्याला पदर लावला. "दाजी, तेवढं कराच."

मी केलं. त्याच्याच पाटावर, त्याच्याच चिमट्याने. स्पिरिटच्या बोळ्याने रंग टिपला, बल्बखाली मशीन वाळवलं, नवा सेल बसवला. सेकंदकाटा हलला तेव्हा मी पहिल्यांदा रडलो... मग रेडिओ लावला आणि बरोबर वेळ लावून दिली.

आठ दिवसांनी मिलचा कागद आला, त्यात लिहिलेलं: पाळी आठला संपली, त्यानंतर भिकन गरम पाण्याने अंघोळ करायला थांबला आणि स्वतःच्या चुकीने भाजला. भरपाईचा प्रश्नच नाही. सोबतचे कामगार साक्षीला येत नाहीत. त्यांना उद्या त्याच गेटातून आत जायचंय. मी घड्याळ घेऊन कामगार कचेरीत गेलो. "साहेब, हे सात पंचवीसला बंद पडलं होतं, तेव्हा पाळी चालू होती." साहेबाने ते कानाशी धरलं, माझ्याकडे पाहिलं. "काका, हे तर चालतंय." मी टेबलावर हात आपटला, शिव्या दिल्या. शिपायाने दंड धरून बाहेर काढलं. आठे जोर चालत नही...

आता ते घड्याळ सुमनच्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी आहे. चारच्या आकड्याजवळ काचेच्या आत लाल डाग राहिलाय. सुमन तो पुसू देत नाही. मला ती अजूनही 'दाजी' म्हणूनच हाक मारते, आणि तेच सोसत नाही.

मास्तर, तुम्हाला मराठी वाचता येत नाही, पण वाचून दाखवणारे तुमच्या खात्यात पुष्कळ आहेत. माझ्या हातावर ठेवण्याआधी ती काच तुम्ही रुमालाने पुसली होती, दोनदा. तेव्हा काटे कुठे होते? सुमनसमोर उभे राहा आणि सांगा.