हवाबंद पेटी

“बंद पडनी! आखो बंद पडनी!”

विहिरीवरून आलेला हा आवाज आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. तो पारोळ्याच्या किल्ल्याला धडकून परत आला असणार. मे महिना होता. बागायती कपाशीनं जेमतेम दोन पानं काढलेली, आणि थ्री फेज लाइट फक्त दुपारी बारापर्यंत. तोवर ठिबकनं पाणी पोचलं नाही, तर संध्याकाळपर्यंत रोपं करपणार. आणि मोटार दहा मिनिटं चालून पुन्हा पुन्हा खटकन बंद पडत होती.

तटरक्षक दलाच्या जहाजांवरची रडार आणि वायरलेस यंत्रं सांभाळण्यात माझा जन्म गेला. तिथं शत्रू एकच, खारी हवा. ती हातातल्या घड्याळात शिरते, बंद डब्यातला लाडूसुद्धा खारट करते. एकदा तर वायरलेस सेट उघडला तेव्हा आत जिवंत खेकडा निघाला. माझ्याआधी ड्यूटीवर तोच होता. त्यामुळे आदल्या दिवशी सुट्टीवर आलो, विहिरीवरची स्टार्टरची पत्र्याची पेटी पाहिली आणि जीव कासावीस झाला. पेटी कसली, चाळणीच ती. मी रबर आणि सिलिकॉन लावून एकूण एक फट बुजवली. मुंगीनं रीतसर अर्ज केला असता, तरी आत प्रवेश मिळाला नसता.

“काय करी ठेवं रे तू? बठ्ठी कपाशी मरी जाई!”

मी मेन स्विच पाडला, झाकण उघडलं, वायरींची टोकं घासली. त्यातलं एक सवयीनं जिभेला लावलं, खार चढलाय का बघायला. शेजारच्या मळ्यातले नाना बांधावर बसून हे सगळं बघत होते.

“आबा, तुना आंडोर वायर चाखी राहिना! मीठ कमी शे का रे भो?”

झाकण उघडं असलं की मोटार चालायची. लावलं की दहा मिनिटांत बंद. हे तीनदा झालं तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. चौथ्यांदा झाकणाला हात लावला आणि चटका बसला. त्या पत्र्यावर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी भाजून निघाली असती. आत कोंडलेल्या उष्णतेनं स्टार्टरमधल्या रिलेला वाटत होतं की मोटारच तापली आहे, आणि तो इमानेइतबारे ती बंद करत होता. पेटीत बिघाड काहीच नव्हता. जो होता तो सुट्टीवर आलेला होता.

सिलिकॉन ओरबाडून काढलं, झाकण बाजूला ठेवलं. मग मोटार चालली ती थेट लाइट जाईपर्यंत. शेत भिजलं. फक्त शेवटच्या चार ओळी कोरड्या राहिल्या, आणि संध्याकाळी त्यांनी माना टाकल्या.

त्या ओळींपाशी उभा राहून मी आबांना समजावू लागलो. समुद्रावर पेटीत एवढीशी हवा शिरली तरी आख्खं जहाज आंधळं होतं, माणसांच्या जिवावर बेततं, म्हणून हात आपोआप तसे वळतात, असं बरंच काही. आबांनी एक सुकलेलं रोप उपटून बांधावर टाकलं.

“आठे हवा लागस,” ते म्हणाले.